शेजारी देशाच्या क्लबांसोबत फुटबॉल चषक भरवायचा असेल तर

नवी मुंबईत मोठे फुटबॉल सामने होत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. ३० ऑक्टोबर २०२२ला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. ६ नोव्हेंबर २०२३ला त्याच मैदानावर सौदीचा अल हिलाल क्लब मुंबई सिटीला २-० हरवून गेला. तेव्हापासून वाशी-ठाण्याकडच्या क्लबांमध्ये सराव आटोपला की एक विषय हमखास निघतो: आपणच नेपाळ, भूतान, बांगलादेशचे क्लब बोलावून एक चषक का भरवू नये? विषय निघतो आणि चहाबरोबर संपतो, कारण बोलणं नेहमी करंडकापासून सुरू होतं. नाव काय, प्रायोजक कोण, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं. खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो सुटला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. समोरचा क्लब आपला मुख्य संघ का पाठवेल?

आधी क्लबाची गरज शोधा

अशा स्पर्धांचा इतिहास जवळपास १०० वर्षांचा आहे. १९२७ साली ऑस्ट्रियाच्या ह्यूगो मायस्ल यांच्या पुढाकाराने मित्रोपा चषक सुरू झाला. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हियाचे क्लब त्यात उतरले. मध्य युरोपात तेव्हा व्यावसायिक फुटबॉल नुकतंच रुजलं होतं. खेळाडूंना पगार द्यायचा, तर घरच्या लीगपलीकडचे, गर्दी खेचणारे सामने हवे होते. गरज खरी होती म्हणून क्लब जीव तोडून खेळले.

आता उलटं उदाहरण. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनने २००४मध्ये रॉयल लीग काढली. प्रत्येक देशाचे चार असे १२ क्लब, एकमेकांची भाषा बऱ्यापैकी समजणारे प्रेक्षक, जुनी चुरस, सगळं जुळलेलं. पण सामने ठेवले उत्तरेतल्या हिवाळ्यात, लीगच्या सुट्टीत. स्टेडियम रिकामी राहिली. तीन मोसम झाले, तिन्ही वेळा करंडक डेन्मार्ककडेच गेला (दोनदा कोपनहेगन, एकदा ब्राँडबी), टीव्हीचा करार जुळला नाही आणि दुकान बंद. आयर्लंडच्या दोन्ही भागांतल्या क्लबांचा सेटांटा चषक २००५ ते २०१४ चालला. तोही नंतर गाडीभर सामन्यांच्या वेळापत्रकात कुठे बसवायचा, या प्रश्नापाशी अडला.

अमेरिका आणि मेक्सिकोच्या लीग्स कपने यातून धडा घेतला. २०२३मध्ये दोन्ही लीगनी आपला मोसम महिनाभर थांबवला, सगळे ४७ क्लब उतरवले आणि पहिल्या तीन क्रमांकांना खंडीय चषकाचं दार उघडून दिलं. मेस्सी त्याच स्पर्धेत इंटर मायामीकडून पहिल्यांदा उतरला, हा नशिबाचा भाग. पण क्लब मुख्य संघ घेऊन आले ते त्या दारासाठी.

आपल्या हातात आशियाई स्पर्धेचं दार नाही, तेव्हा क्लबाला दुसरं काही तरी द्यावं लागेल. प्रवास-निवासाचा पूर्ण खर्च. प्रत्येक विजयामागे ठरलेली रक्कम, म्हणजे दोन सामने हरलेला संघ तिसराही मन लावून खेळतो. सगळ्या सामन्यांचं चांगलं चित्रीकरण, ते क्लबाला फुकट, कारण शेजारच्या छोट्या लीगमधल्या खेळाडूसाठी तो व्हिडिओ म्हणजे नोकरीचा अर्ज असतो. माझं मत विचाराल तर बक्षिसाच्या मोठ्या चेकपेक्षा या तीन गोष्टींवर पैसे टाका.

शेजारी कोण आणि किती

दोनच देश, आठ संघ. पहिल्या वर्षी याच्यापुढे जाऊ नका. तिसरा देश आला की तारखा जुळवण्याचं काम दुप्पट नाही, चौपट होतं.

पहिली चाचणी व्हिसाची. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे सोय तिकडे आहे. पण इथे एक खाच आहे आणि ती नेमकी शेवटच्या आठवड्यात कळते. त्या क्लबांकडे परदेशी खेळाडू असतात. थिम्पूच्या क्लबातल्या आफ्रिकी स्ट्रायकरला भारताचा व्हिसा लागतोच, शिवाय परत भूतानमध्ये शिरायची परवानगीही हातात हवी. म्हणून आमंत्रणासोबतच संघयादी नागरिकत्वासह मागवा. 'यादी नंतर पाठवतो' असं उत्तर आलं तर फोन करा, मेलवर थांबू नका.

बांगलादेशचे क्लब तगडे आहेत, गर्दीही खेचतील, पण व्हिसा आणि दोन देशांमधलं वातावरण बघून पाऊल टाका. पाकिस्तानचा विषय काढू नका. द्विपक्षीय सामने होणार नाहीत हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५मध्येच स्पष्ट केलं आहे. त्याआधी, दक्षिण आशियाई देशांच्या २०२३च्या सॅफ स्पर्धेत पाकिस्तानचा संघ व्हिसाच्या घोळामुळे भारताविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी सकाळी बंगळुरूत पोचला होता आणि संध्याकाळी ४-० हरला.

दुसरी चाचणी: त्या देशाची लीग चालू आहे का? नेपाळच्या शहीद स्मारक ए डिव्हिजन लीगमध्ये २०२३नंतर मोठा खंड पडला. लीगच झाली नसेल तर 'पहिले चार' कुठून आणणार? आपणही नाकाने कांदे सोलायचं कारण नाही. व्यावसायिक हक्कांच्या कराराचा निर्णय लांबल्यामुळे जुलै २०२५मध्ये इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलचा पुढचा मोसमच लटकला होता. त्यामुळे नियमावलीत लिहून ठेवा की लीग झाली नाही तर आधीच्या मोसमाची क्रमवारी धरली जाईल.

यजमान बाजूला कोण? आयएसएलचे क्लब लगेच मिळणार नाहीत. त्याखालच्या, आय-लीगच्या पातळीवरचे किंवा मुंबई आणि राज्याच्या लीगमध्ये वर असलेले क्लब घ्या. भूतानच्या क्लबांशी त्यांची झुंज एकतर्फी होणार नाही. आशियाई महासंघाच्या (एएफसी) २०२४च्या चॅलेंज लीगमध्ये थिम्पूत भूतानच्या पारो एफसीने आयएसएलमधल्या ईस्ट बंगालला २-२ असं रोखलं होतं. तो गट एकाच शहरात, एकाच मैदानावर, आठवडाभरात उरकला होता. आपल्यालाही तोच साचा परवडेल. घरी-बाहेरी सामन्यांचा विमानखर्च नवा चषक एका वर्षात खाऊन टाकतो.

परवानगी: खालून वर, एकही पायरी न गाळता

दोन देशांचे क्लब खेळणार म्हणजे सामना आंतरराष्ट्रीय झाला. गावच्या मैदानावर, विनातिकीट असला तरी. फिफाच्या नियमानुसार यजमान महासंघाची, पाहुण्या क्लबाच्या महासंघाची आणि खंडीय संघटनेची मान्यता लागते. आपल्याकडे क्रम असा: तुमची संस्था, मग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा, मग अखिल भारतीय महासंघ, आणि तिथून एएफसी. थेट क्वालालंपूरला, एएफसीच्या मुख्यालयात मेल टाकून काही होत नाही, तो फिरून दिल्लीलाच येतो. केंद्र सरकारकडच्या मंजुऱ्याही महासंघामार्फतच मागायच्या.

विनामान्यता खेळलात तर क्लब आणि खेळाडूंवर कारवाई होऊ शकते, पंच मिळत नाहीत, आणि कुणाचा पाय मोडला तर विमा कंपनी पहिला प्रश्न मान्यतेचाच विचारते. अर्जासोबत जायला हवं ते: तारखा, मैदानं, संघ, नियमावली, आर्थिक हमी, वैद्यकीय आणि सुरक्षा आराखडा. सहा महिने आधी फाइल हलली पाहिजे. चार महिन्यांवर आलात तर पुढच्या वर्षाचं बघा.

तारखा

जून ते सप्टेंबर पाऊस. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी ५ वाजताही दमट हवेत खेळाडू गळतात, थिम्पूहून आलेला तर पहिल्या २० मिनिटांत. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भूतानमध्ये कडाक्याच्या थंडीत लीग थांबलेली असते, म्हणजे त्यांना डिसेंबर-जानेवारी सोयीचा. आपल्या क्लबांचा मात्र मोसम ऐन भरात असतो, त्यामुळे राज्य लीगचं वेळापत्रक ठरण्याआधी विफाशी बसून १८ दिवस राखून घ्यावे लागतील. लीगच्या सामन्यांच्या मधल्या फटीत चषक कोंबलात की राखीव संघ आलाच म्हणून समजा.

डी. वाय. पाटीलच्या तारखा वेगळ्याच बघाव्या लागतात. तिथे क्रिकेट आहे, महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना २ नोव्हेंबर २०२५ला तिथेच झाला. आणि मैफिली आहेत, जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. मोठ्या मंचाखाली आणि झाकणांखाली दाबलेलं गवत उठायला वेळ लागतो. 'तारीख मोकळी आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, आधीच्या तीन आठवड्यांत तिथे काय आहे ते विचारा. क्रिकेटची खेळपट्टी फुटबॉलच्या मैदानात येते, तेव्हा ती कशी झाकणार हेही लेखी घ्या.

खरं तर पहिल्या वर्षी ते स्टेडियम फक्त अंतिम सामन्यासाठी धरा, किंवा धरूच नका. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये ३ हजार माणसं म्हणजे टीव्हीवर शोककळा. खारघरला सिडकोचं फुटबॉल केंद्र आहे, वाशीत फादर अ‍ॅग्नेलचं मैदान आहे. तिथे तेच ३ हजार लोक खचाखच दिसतात. मैदान स्वतः टेप लावून मोजा. १०५ बाय ६८ मीटर हवं, 'फुल साइज' या शब्दावर विश्वास नको. कृत्रिम गवत असेल तर त्याचं चाचणीचं प्रमाणपत्र बघा, मुदतीसकट.

रचना

आठ संघ, दोन देशांचे चार-चार. नेहमीचे दोन गट पाडले तर भारतीय क्लब भारतीय क्लबाशीच खेळतो, मग विमानाचे पैसे कशाला घातले? लीग्स कपने २०२५मध्ये जी पद्धत घेतली ती इथे चपखल बसते. प्रत्येक संघ फक्त समोरच्या देशाच्या संघांशी खेळेल आणि गुणतक्ते मात्र देशवार वेगळे राहतील. आठ संघांचे तीन-तीन सामने म्हणजे साखळीत १२. प्रत्येक तक्त्यातले पहिले दोन उपांत्य फेरीत, यजमान देशाचा पहिला विरुद्ध पाहुण्यांचा दुसरा आणि उलट. दोन उपांत्य, एक अंतिम. एकूण १५ सामने.

अंतिम सामना एकाच देशाच्या दोन संघांत होऊ शकतो, हे मान्य आहे का ते आधी ठरवा. १९७०च्या अँग्लो-इटालियन चषकात सर्वोत्तम इंग्लिश आणि सर्वोत्तम इटालियन क्लबच अंतिम फेरीत जात. त्यात तिकीटविक्री पक्की, पण उपांत्य फेरीचा थरार जातो. मी उपांत्य फेरी ठेवीन.

वेळापत्रक असं बसतं: पहिली फेरी १ल्या आणि २ऱ्या दिवशी, दुसरी ५व्या-६व्या, तिसरी १०व्या, उपांत्य १४व्या, अंतिम १८व्या दिवशी. प्रत्येक संघाला दोन सामन्यांमध्ये किमान तीन मोकळे दिवस मिळतात. तिसऱ्या फेरीचे चारही सामने एकाच वेळी सुरू करा, त्यासाठी त्या दिवसापुरती आणखी दोन मैदानं घ्यावी लागली तरी. दुसऱ्या सामन्याचा निकाल आधी कळला की काय होतं हे १९८२च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाने गिहोनमध्ये दाखवून दिलं आहे. १-० वर दोघांचंही भागत होतं, मग उरलेला सामना नुसता चेंडू इकडून तिकडे.

बरोबरी झाली तर? ९० मिनिटांनंतर थेट पेनल्टी, जिंकणाऱ्याला दोन गुण, हरणाऱ्याला एक. लीग्स कपमध्ये असंच होतं, लोकांना आवडतं आणि अर्धा तास जादा वेळेचा भार पायांवर येत नाही. त्यापलीकडे नियमांत कल्पकता दाखवू नका. कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत २७ जानेवारी १९९४ला बार्बाडोस-ग्रेनाडा सामन्यात काय झालं ते एकदा नीट वाचा. जादा वेळेतला सुवर्ण गोल (जो होताच सामना संपतो) दोन गोलांइतका धरायचा, असा नियम संयोजकांनी केला होता. बार्बाडोसला पुढे जायला दोन गोलांच्या फरकाने विजय हवा होता. बार्बाडोस २-० पुढे असताना ८३व्या मिनिटाला ग्रेनाडाने एक गोल केला. मग बार्बाडोसच्या लक्षात आलं की आणखी एक गोल करण्यापेक्षा आपल्याच जाळ्यात चेंडू मारून २-२ करावं, जादा वेळ मिळवावी आणि तिथे एका गोलात दोनचा फरक पाडावा. त्यांनी तसंच केलं. ग्रेनाडाला ते कळलं, आणि एका गोलाने हरले तरी तेच पुढे जात, म्हणून आता त्यांना कुठल्याही जाळ्यात गोल चालणार होता! शेवटची काही मिनिटं बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही गोलपोस्टचं रक्षण करत उभे. सामना त्यांनी ४-२ जिंकला. तुमची नियमावली तयार झाली की दोन हुशार खेळाडूंना द्या आणि सांगा, यातली पळवाट शोधा.

नियमावलीत हे असलंच पाहिजे

गुण समान झाले तर काय, हे क्रमाने लिहा. देशवार तक्त्यातले संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात, त्यामुळे आपसातल्या सामन्याचा निकष इथे लागू होत नाही. गोलफरक, मग केलेले गोल, मग कमी कार्डं, शेवटी चिठ्ठी.

परदेशी खेळाडूंची मर्यादा दोन्ही लीगची वेगळी असेल, चषकासाठी एकच आकडा ठेवा. खेळाडू त्या क्लबाकडे महासंघाच्या नोंदणीत असलाच पाहिजे. पाहुणा खेळाडू नाही म्हणजे नाही. आपल्याकडच्या स्थानिक स्पर्धांना ही सवय आहे, त्यामुळे यावर दबाव येईल. पिवळी कार्डं लीगमधून चषकात आणू नका, पण लाल कार्डाची उरलेली बंदी कुठे भोगायची हे दोन्ही महासंघांशी लेखी ठरवा.

शिस्तीचं प्रकरण जास्त जपून लिहा. १९३२च्या मित्रोपा चषकाच्या उपांत्य फेरीत स्लाव्हिया प्रागच्या गोलरक्षकाला तुरिनमध्ये गर्दीतून फेकलेली वस्तू लागली, स्लाव्हियाचा संघ मैदान सोडून गेला. संयोजकांनी युव्हेंटस आणि स्लाव्हिया दोघांनाही बाद केलं आणि बोलोन्याला अंतिम सामना न खेळताच करंडक मिळाला. तुमच्याकडे असं झालं तर निर्णय कोण घेणार, किती तासांत, अपील कुठे? समितीत दोन्ही देशांचा एक-एक माणूस आणि अध्यक्ष तिसरीकडचा, निर्णय ४८ तासांत.

संघ आलाच नाही तर काय, हेही लिहा. २०२४मध्ये मोहन बागान सुरक्षेच्या कारणावरून इराणमध्ये तब्रिझला खेळायला गेला नाही. एएफसीने तो स्पर्धेतून बाहेर पडल्याचं धरलं आणि त्याचे सामने रद्द ठरवले. आपल्या छोट्या चषकात अनामत रक्कम घ्या, सगळे सामने खेळल्यावर परत द्या.

पंच आणि सट्टा

पंच दोन्ही देशांबाहेरचे असतील तर उत्तम, नाहीतर मिश्र चमू. पण त्यांची नेमणूक महासंघानेच करायची. फेब्रुवारी २०११मध्ये तुर्कीच्या अंताल्यात एका एजन्सीने दोन मैत्रीपूर्ण आंतरराष्ट्रीय सामने भरवले, लाटव्हिया-बोलिव्हिया आणि एस्टोनिया-बल्गेरिया. दोन सामन्यांत सात गोल झाले आणि सातही पेनल्टीवर. पंचांवर नंतर आजीवन बंदी आली. छोट्या, नव्या, कुणी फारसं न बघणाऱ्या स्पर्धाच सट्टेबाजांना सोयीच्या पडतात. म्हणून कुणी 'सगळा खर्च आम्ही करतो, पंच आमचे' असं म्हणत आला तर चहा पाजून वाटेला लावा.

खोल्या, जेवण, बस

खर्चाचा मोठा आकडा बक्षीस नसून हॉटेल असतो. हिशेब मांडून बघा. एका संघाची ३० माणसं, दोघांत एक खोली म्हणजे १५, पण मुख्य प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि मालिशच्या टेबलासाठी जागा धरून १७. चार पाहुणे संघ म्हणजे ६८ खोल्या. दोन दिवस आधी येऊन १०व्या दिवसाची रात्र धरली तर १२ रात्री, म्हणजे ८१६. उपांत्य फेरीसाठी दोन संघ आणखी चार रात्री, १३६. अंतिम सामन्याला एक पाहुणा संघ असेल तर ६८, दोन्ही पाहुणेच असतील तर १३६, एकही नसेल तर शून्य. थोडक्यात ९५२ ते १,०८८ खोली-रात्री. हॉटेलशी याच एककात बोला आणि शेवटच्या टप्प्यातल्या खोल्या दंडाशिवाय सोडण्याची मुभा करारात घ्या. परदेशी पाहुण्यांची माहिती हॉटेलने २४ तासांत सरकारी पोर्टलवर भरायची असते. वाशी-तुर्भेच्या मोठ्या हॉटेलांना ते सवयीचं आहे, स्वस्तातल्या लॉजला नसतं.

मुक्काम मैदानाजवळच हवा. ठाण्यात हॉटेल आणि नेरुळला सामना असं केलंत तर संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे-महापेच्या गर्दीत संघाची बस अडकणारच. प्रेक्षकांचं उलट आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तासाभराच्या आत नेरुळ गाठता येतं, म्हणून दुसरा सामना संपल्यावर शेवटच्या गाड्या सुटायच्या आत लोक स्टेशनवर पोचतील अशी वेळ धरा. ४ आणि ७ चांगलं.

जेवणात भात, डाळ, अंडी, चिकन, फळं भरपूर. हलाल हवं का ते आधीच विचारा. भूतानच्या संघाला आपल्या तिखटाची काळजी करू नका, त्यांच्याकडे मिरचीची भाजीच करतात.

पैसे कसे द्यायचे

परदेशी क्रीडासंस्थेला दिलेल्या रकमेवर इथे २० टक्के मूळ दराने कर कापावा लागतो, वर अधिभार आणि उपकर. त्यामुळे आमंत्रणपत्रात बक्षिसाची रक्कम करापूर्वीची की हातात पडणारी, हे स्पष्ट लिहा. हा एक शब्द राहिला की स्पर्धेनंतर सहा महिने पत्रव्यवहार चालतो. दोन देशांमधला करार काही सवलत देतो का, ते सीएकडून तपासून घ्या. तिकीट ५०० रुपयांच्या आत ठेवलंत तर त्यावर जीएसटी लागत नाही. पहिल्या वर्षी त्यावर जायचं कारणही नाही.

शेवटचा महिना

नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची परवानगी, अग्निशमनचा दाखला, दोन रुग्णवाहिका (एक माणसाला घेऊन गेली तर सामना थांबतो, म्हणून दोन), जवळच्या रुग्णालयाशी लेखी व्यवस्था. सगळ्या सामन्यांना एकाच बनावटीचे चेंडू, आणि ते सरावासाठीही तेच. प्रत्येक संघाच्या दोन रंगांच्या जर्सींचे फोटो मागवून कोण कधी काय घालणार त्याचा तक्ता आधीच पाठवा. सरावाची मैदानं वेळेसकट वाटून द्या, नाहीतर सकाळी ७ला दोन प्रशिक्षक एकाच गोलपोस्टपाशी भांडताना दिसतील. संघामागे एक स्थानिक मदतनीस द्या. ठाणे-नवी मुंबईतल्या क्रीडाशिक्षणाच्या विद्यार्थ्यांतून, हिंदी नीट बोलणारा. नेपाळी आणि भूतानी खेळाडूंशी बहुतेक काम हिंदीत भागतं.

तिसरी फेरी झाली की दोन्ही महासंघांचे प्रतिनिधी अजून इथेच असतात. त्याच दिवसांत पुढच्या वर्षीच्या १८ दिवसांच्या तारखा लेखी ठरवा आणि साखळीतून बाहेर पडलेल्या संघांची अनामत व विजयांची रक्कम ते विमानतळावर जायच्या आधी चुकती करा.